फड बदलणाऱ्या स्त्रिया

धारूरच्या किल्ल्याने किती धनी पाहिले हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने तो उभारला; थोड्याच काळात निजामशाहीने तो हिरावून घेतला; १६३१ साली मोगल सेनापती आझमखान याने तो सर केला; आणि पुढे अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. धनी बदलला म्हणजे शिपाई नव्या धन्याचा रोजमुरा घेई, ही दक्षिणेची जुनी रीत. त्याबद्दल त्या शिपायास चंचल म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. परंतु तमाशातील एखादी नर्तकी यंदा एका फडात व पुढील साली दुसऱ्या फडात दिसली, की तिच्या चंचलपणाची चर्चा चावडीपासून चहाच्या दुकानापर्यंत होते. आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या पटांगणात तंबू लागे, तेव्हा वडीलधारी मंडळी हटकून विचारीत, ‘गेल्या सालची ती कुठे गेली ?’ आणि कोणीतरी हसून उत्तर देई, ‘पळाली !’ ती कां गेली, हे विचारण्याचे आम्हां कोणासही सुचले नाही. या लेखात तेच विचारण्याचा आमचा मानस आहे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा विषय कशास, अशी शंका कित्येकांस येईल. त्यांस आमचे इतकेच सांगणे की, तंबूत पुढच्या रांगेत बसणारे आपणच होतो.

फडात स्त्री आली ती फार उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत लुगडे नेसून नाचणारा नाच्या पोऱ्याच असे. त्याचा आवाज फुटला, मिसरूड आली, की फडाचा सरदार नवा पोऱ्या शोधी. तेव्हा माणसे बदलण्याची ही चाल स्त्रियांनी आणलेली नव्हे. नाचणाऱ्याचे वय हाच त्या धंद्याचा मोठा शत्रू, हे पोऱ्याच्या काळीच ठरून गेले होते. पुढे पट्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या फडातील पवळा हिने स्त्रीचे नाव तमाशाच्या जाहिरातीवर आणले. कालांतराने ती बापूरावांपासून विभक्त झाली. ही हकीगत सांगणारे बहुधा बापूरावांचे दुःख सांगतात. पवळेच्या बाजूने ती सांगणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे उचल. धारूरच्या वाचकास हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटावरच्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे साखर कारखान्यांकडे निघतात, ती मुकादमाची उचल अंगावर घेऊनच. तमाशाचेही तसेच आहे. विजयादशमीपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत हंगाम. त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने तंबू गुंडाळलेला, आणि घरात मिळकत नाही. या चार महिन्यांत मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, लग्नकार्य हे सारे फडमालकाकडून येत्या सालासाठी घेतलेल्या रकमेवर चालते. ती रक्कम हंगामात नाचून फेडावयाची. हंगाम चांगला गेला तर फिटते. अवकाळी पावसाने जत्रा बुडाल्या, निवडणुकीमुळे परवाने अडले, वा स्त्री आजारी पडली, तर बाकी राहते, आणि ती बाकी तिला पुढील साली त्याच फडास बांधून ठेवते. दुसऱ्या मालकास ती हवी असेल, तर त्याने पहिल्याची बाकी चुकती करावी आणि वर नवी उचल द्यावी. म्हणजे ती मोकळी होत नाही. तिचे कर्ज तेवढे एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते. ज्यास आपण ‘पळाली’ म्हणतो, ते पुष्कळदा असे खातेबदल असते.

येथे मालकांची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर लेख एकांगी होईल. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे, मालमोटारी, तंबू, विजेचे यंत्र, आणि हा सारा डोलारा सावकाराच्या पैशावर उभा. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन जत्रेची सुपारी ठरवितात. आणि ते पहिला प्रश्न विचारतात तो ‘यंदा नाचायला नवीन कोण आहे ?’ हा. गण, गौळण, वग यांविषयी विचारणारा विरळा. ज्या मालकास दर साली नवा चेहरा दाखवावा लागतो, तो जुना चेहरा जपेल कसा ? त्यातच २०२० च्या मार्च महिन्यात, जत्रांचा ऐन हंगाम तोंडावर असता, टाळेबंदी आली. उचल देऊन झाली होती, खेळ मात्र बंद. २०२१ च्या उन्हाळ्यातही जत्रा भरल्या नाहीत. मालक सावकारापुढे आणि नर्तकी मालकापुढे, अशी ती रांग लागली. तेव्हा कित्येकींनी चाळ उतरवून शेतमजुरी धरली.

संगीतबारीची तऱ्हा निराळी आहे, आणि ती पाहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मोडनिंब, जामखेड, चौफुला येथील कलाकेंद्रांत, किंवा पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात, एकेक पार्टी मुक्कामास असते. मालकीण, तिच्या बहिणी, मुली, भाच्या, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, असा तो संसारच. थिएटर जागा देते व उत्पन्नात वाटा घेते, दौलतजादा पार्टीचा. येथे एकटी नर्तकी सहसा पार्टी सोडीत नाही. सबंध पार्टीच थिएटर बदलते. रक्ताचे नाते असल्यामुळे तेथे माणूस टिकते, असे कोणी म्हणेल. वस्तुतः रक्ताचे नाते हीच तेथील उचल होय. भाऊ, बाप, भाचरे यांचा सगळा भार मुलीच्या पायांवर. कोल्हाटी समाजात ‘चिरा उतरणे’ म्हणून जी चाल होती, तिच्यात मुलीचा पहिला धनी पैशाने ठरे. मग एखादा बागायतदार तिला थिएटरातून नेऊन ठेवी, आणि काही वर्षांनी त्याचे मन उडाले की ती लेकरे घेऊन पुन्हा पार्टीत येई. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात आपल्या आईची अशी हकीगत लिहिली आहे. तिला नेऊन ठेवले ते सोनपेठास. म्हणजे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, धारूरपासून फार दूर नव्हे. थिएटरच्या लेखी एक बाई कमी झाली. मागे राहिलेल्या पोराच्या लेखी काय झाले, ते त्या पुस्तकात वाचावे.

सरकारानेही या स्त्रियांस वेळोवेळी जागचे हलविले आहे. १९४७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात तमाशावर बंदी घातली. धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो हुकूम येथे लागू नव्हता. कलावंतांनी दाद मागितल्यावर बंदी उठली आणि सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे अर्ध्या शतकाने तोच खेळ मुंबईच्या डान्सबारांबाबत झाला. १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी अमलात आली, आणि तीतून तारांकित हॉटेले मात्र वगळली होती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोच निर्णय कायम केला, २०१६ मध्ये नवा कायदा झाला, आणि त्यातील कित्येक अटी २०१९ मध्ये पुन्हा रद्द झाल्या. या चौदा वर्षांत हजारो स्त्रियांची मिळकत गेली. बारमध्ये बहुतेकींस ठरीव पगार असा नव्हताच. गिऱ्हाइकाने उधळलेल्या नोटांतील वाटा, एवढेच. जेथे पगार नाही तेथे ‘नोकरी सोडली’ हा शब्द तरी कसा लावावा ? त्यांतील पुष्कळजणी बेडिया, नट, कंजर अशा परंपरेने नाचणाऱ्या जमातींतल्या होत्या. राजेरजवाडे गेले तसा त्यांचा आश्रय गेला, आणि त्या शहराकडे आल्या. मुंबईत काम बंद झाल्यावर कित्येकींनी दूरची गावे गाठली, काही आखाती देशांत गेल्या.

टिकून राहिलेल्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांनी सारा जन्म बोर्डावर काढला. खेळ चालू असता प्रसूत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीगत महाराष्ट्रभर सांगितली जाते, आणि सांगणारे ती कौतुकाने सांगतात. आम्हांस ती ऐकून लाज वाटते. त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले, आणि मृत्यूनंतर २००६ पासून त्यांच्या नावे राज्य शासन पुरस्कार देते.

वृद्ध साहित्यिक व कलावंत यांस मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. अर्जदाराने वयाची ५० वर्षे पुरी केलेली असावीत आणि कलेची किमान १५ वर्षे सेवा दाखवावी, अशी तिची अट. अर्ज भरण्यास मदत मागावयास आमच्याकडे एक वृद्धा आली होती. पंधरा वर्षांहून अधिक काळ ती नाचली होती, पण सात फडांत. त्यांतील चार मोडले, दोघांचे मालक वारले, आणि सातव्याच्या वहीत तिच्या नावापुढे केवळ उचलीचा आकडा होता. त्या वहीच्या पानाची आम्ही नक्कल करून घेतली आणि पुरावा म्हणून अर्जास जोडली.