बाटली कुणाची, खसखस कुणाची?

दिवाळीत अनारसे खसखशीवर थापतात ना, त्या खसखशीवर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने चक्क पत्रक काढलं. सैनिकांनो, खसखस घातलेलं काही खाऊ नका. लघवीच्या चाचणीत कोडीन निघू शकतं!

मी आधी हसलो. मग वाटलं, ज्याची चाचणी पॉझिटिव्ह येते त्याचं काय? नोकरी जाते, मान जातो, वर कोर्ट मार्शल. तो स्वतःला वाचवणार कसा?

मागे जाऊया. १९७१. व्हिएतनाममधून घरी परतणाऱ्या सैनिकांची हेरॉइनसाठी लघवी तपासायला सुरुवात झाली. मोहिमेला नाव पडलं 'ऑपरेशन गोल्डन फ्लो'. तेव्हा हेतू मुख्यतः उपचाराचा होता. अंश सापडला तर आधी व्यसन सोडवायचं, मग घरी पाठवायचं.

चित्र बदललं ते १९८१ मध्ये. २६ मेच्या रात्री 'निमिट्झ' या विमानवाहू जहाजावर उतरताना एक विमान कोसळलं. १४ जण गेले. डेकवरच्या काही मृतांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. विमान ते चालवत नव्हते, पण देशभर गदारोळ झाला. त्याच डिसेंबरमध्ये संरक्षण खात्याने चाचणीचा रिपोर्ट कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरायला परवानगी दिली.

आणि मग बाटल्यांचा पूर आला. लॅब त्याला पुरे पडेनात. १९८३ मध्ये मेजर जनरल डेव्हिड आइन्सेल यांच्या समितीने लष्करासाठी झालेल्या चाचण्यांची कागदपत्रं तपासली, तेव्हा हजारो पॉझिटिव्ह रिपोर्ट कायद्यापुढे टिकणार नाहीत असं दिसलं. म्हणजे ते सगळे निर्दोष होते असं नाही हं. पण बाटली कुणी घेतली, कुणाकडे दिली, कुठे ठेवली याच्या नोंदीच धड नव्हत्या. शेवटी लष्कराला सैनिकांना कळवावं लागलं, तुमचं रेकॉर्ड दुरुस्त करायला अर्ज करा.

बचावाच्या वकिलाचं पहिलं काम आजही तेच आहे. तो आधी मशीनशी भांडत नाही, वही मागतो. सही कुणाची? सील कुणी लावलं? लेबलवरचा नंबर जुळतो का?

दुसरा प्रश्न याहून अवघड: अंश खरा आहे, पण तो शरीरात गेला कसा? १९८८ च्या मॅन्स खटल्यात लष्करी अपील न्यायालयाने म्हटलं, आपण काय घेतोय हे माहीत नसेल तर गुन्हा होत नाही. पण मेख अशी, की लघवीत अंश सापडला यावरूनच 'त्याला माहीत होतं' असा निष्कर्ष काढायची मुभा आहे. कायद्याने सिद्ध करायचं सरकारनेच. प्रत्यक्षात मात्र सैनिकालाच आठवत बसावं लागतं: त्या दिवशी काय खाल्लं? कुणी दिलं? साक्षीदार कोण? रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या दिवसाची आठवण पुसट झालेली असते.

मला यातून एवढंच कळलं: मशीन सांगतं लघवीत काय आहे. बाटली कुणाची आणि मनात काय होतं, हे माणसांनाच शोधावं लागतं. ते शोधणं टाळलं की काय होतं, हे त्या हजारो रिपोर्टांनी दाखवलंच आहे.