उजळणी : परवच्यापासून शालान्त परीक्षेपर्यंत

आपल्या स्मरणिकेत उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावली छापण्याचा प्रघात जुना आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जी नावे त्या यादीत येत नाहीत, त्यांच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. निकालानंतर अशा एखाद्या घरी गेले असता आई डोळ्यांना पदर लावून एकच प्रश्न विचारते : "पोर रात्र रात्र पुस्तक घेऊन बसत होतं हो, मग नापास कसं झालं?" हा प्रश्न आम्ही एकापेक्षा अधिक घरांत ऐकला आहे. 'नशीब' हे त्याचे उत्तर नव्हे. 'मुलगा मठ्ठ आहे' हे तर मुळीच नव्हे. आमच्या मते त्याचे उत्तर 'उजळणी' या आपल्या जुन्या शब्दाच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तांब्या-पितळेची भांडी फडताळात ठेवून दिली की काळवंडतात. चिंच वा राख लावून ती घासली म्हणजे पुन्हा उजळतात. ज्यांनी हाच शब्द विद्येला लावला, त्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असल्या पाहिजेत. विद्या ठेवून दिल्याने टिकत नाही, ही पहिली. आणि भांड्याकडे नुसते पाहत बसल्याने ते उजळत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट आपण आजही मानतो. दुसरीचा मात्र आपल्याला विसर पडला आहे.

लेखनाचा आधार न घेता विद्या राखण्याचा आपल्याकडील सर्वांत प्राचीन प्रयत्न म्हणजे वेदपठण. गुरूने संथा द्यावी, शिष्याने ती म्हणावी, आणि नंतर तेच शब्द पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनी म्हणून दाखवावेत, अशी ती पद्धती. क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडावयाचा; जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणावयाची. एकच मजकूर वेगवेगळ्या वाटांनी आठवावा लागल्यामुळे चूक लपून राहत नसे. या पठणपरंपरेस युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. ही विद्या समाजातील फार थोड्यांपुरती राखून ठेवलेली होती, हे सत्यही त्याबरोबरच सांगितले पाहिजे.

सामान्य गृहस्थाच्या मुलाची शाळा निराळी. कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात भरणारी ती पंतोजींची शाळा. तेथे धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे, बोरूने कित्ता वळवावयाचा, मोडी वाचावयास शिकावयाचे आणि हिशेब पाठ करावयाचे. पाढे तर होतेच. त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. शेर-मणाच्या आणि रुपये-आण्यांच्या बाजारात त्यांची गरज रोजची होती. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून पाढा सांगे आणि बाकीची मुले त्याच्यामागून म्हणत. सायंकाळी शाळा सुटण्यापूर्वी, आणि घरी दिवेलागणीच्या वेळी, परवचा होई. हातपाय धुऊन देवापुढे बसावे आणि पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे असे सारे तोंडाने म्हणावे, हा नेम असे.

या परवच्याचा विशेष असा की, तो पुस्तकावाचून होई. हाती पाटीदेखील नसे. जे आठवेल तेच तोंडातून बाहेर पडे, आणि जे अडेल ते तत्काळ उघड होई. ऐकावयास बसलेली आजी बहुधा निरक्षर असे. परंतु वर्षानुवर्षे ऐकून तिचा कान तयार झालेला असे. एकुणिसाच्या पाढ्यात नातू कोठे चुकला, हे तिला अक्षरओळख नसतानाही कळे. तिने नुसते "हं, पुन्हा म्हण" म्हटले तरी पुरे होई.

या जुन्या शाळेचे आम्ही आंधळे गोडवे गात नाही. तेथे छडीचा धाक होता, अर्थ समजावून सांगण्याची रीत फारशी नव्हती, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या मुलांना तिचे दार सामान्यतः बंद होते. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा त्यांना सोसावा लागलेला छळ सर्वश्रुत आहे. अर्थावाचून केलेल्या पाठांतराला आपण घोकंपट्टी म्हणतो. तिचा त्याग करणे इष्टच होते. दुर्दैव असे की, घोकंपट्टी टाकण्याच्या नादात आपण उजळणी टाकली, आणि घोकंपट्टी मात्र दुसऱ्या दाराने घरात आली.

ते दार म्हणजे लेखी परीक्षा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा घेण्यात आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी एक होत. पुढे मॅट्रिक हे सरकारी नोकरीचे आणि प्रतिष्ठेचे प्रवेशद्वार बनले. वर्षभराचे शिकणे काही तासांच्या उत्तरपत्रिकेत मोजले जाऊ लागले, आणि परीक्षेत येईल तेवढेच शिकावे ही वृत्ती बळावली. शिकविणे परीक्षेच्या ताब्यात गेले आहे, हा तत्कालीन शिक्षणातील मोठाच दोष होय, असा अभिप्राय १९०२ सालच्या विद्यापीठ आयोगानेही दिला होता. त्यानंतर परीक्षेची नावे पालटली. मुंबई राज्यात १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली. महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. आणि १९७५ साली नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली. इकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि पावकी-दिडकीचे प्रयोजन संपत गेले. त्यांच्याबरोबर दिवेलागणीचा परवचाही कित्येक घरांतून उठला. त्याच्या जागी मार्गदर्शके आली, अपेक्षित प्रश्नसंच आले, आणि पुस्तक उघडे ठेवून तीच पाने पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय आली. त्या आईचा मुलगा रात्र रात्र हेच करीत होता.

हे वाचन निष्फळ का ठरते, याचा शोध पाश्चात्त्य देशांतील मानसशास्त्रज्ञांनी चिकाटीने घेतला आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली आपला स्मृतिविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती काळाने विसरतात, हे त्याने मोजले. विसरण्याचा वेग आरंभीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, असे त्यास आढळले. त्याचा दुसरा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे : बारा अक्षरसमूहांची एक मालिका आदल्या एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केवळ ३८ आवृत्त्यांनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण किती महाग पडते, हे सांगावयास आणखी पुरावा कशास हवा?

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. आर्थर गेट्स याने १९१७ साली दाखवून दिले की, अभ्यासाच्या वेळेचा अर्ध्याहून अधिक भाग पुस्तकातून दृष्टी काढून मनाशी म्हणून पाहण्यात घालविणारी मुले नुसते वाचणाऱ्यांच्या पुढे जातात. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर याने आयोवा राज्यातील सहाव्या इयत्तेच्या ३,६०० हून अधिक मुलांवर प्रयोग केला. धडा वाचल्यावर लवकरच ज्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांच्या तो अधिक काळ ध्यानात राहिला. २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी केलेला प्रयोग तर त्या आईच्या प्रश्नाचे जणू थेट उत्तरच आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांच्या ध्यानात ४२ टक्के मजकूर उरला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के. म्हणजे पुनर्वाचन फसवे असते. पान ओळखीचे वाटते, म्हणून ते आपल्याला येते असा भास होतो. परीक्षागृहात पान समोर नसते तेव्हा तो भास विरून जातो.

सारांश, देवापुढे पुस्तकावाचून परवचा म्हणावयास लावणारी आजी जे अनुभवाने जाणत होती, तेच शास्त्राने मोजून दाखविले. तिच्या पद्धतीत अर्थाची उणीव होती, तेवढी आपण भरून काढली म्हणजे झाले.

ज्यांच्या घरी शिकलेले कुणी नव्हते, त्यांनी काय केले, याचाही इतिहास आपल्याच भूमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साह्य केले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शिक्षणकार्याला त्यातून केवढी प्रेरणा मिळाली! कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात तर सर्व जातींची मुले एकत्र राहून शिकली. खेड्यातून आलेल्या मुलाला अशा ठिकाणी केवळ निवारा आणि अन्न मिळाले नाही. शेजारी बसून प्रश्न विचारणारा सोबतीही मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन परळच्या चाळीतील एकाच खोलीत गेले. वडील रामजी सकपाळ मुलाला रात्री लवकर निजवीत, स्वतः जागत आणि उत्तररात्री दोनच्या सुमारास, घर निवांत असताना, त्यास अभ्यासाला उठवीत, असे त्यांच्या चरित्रातून कळते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. मुलासाठी झोपेची आणि शांततेची वेळ राखून ठेवणे हे त्या पित्याने आपले कर्तव्य मानले. आज दोन वाजता उठविण्याचे कारण नाही. परंतु घरातील दूरदर्शन संच आणि मोबाईल दोन तास बंद ठेवणे हे त्याच जातीचे कर्तव्य होय.

आता आमची ज्ञातिबांधवांस आणि विशेषतः भगिनींस विनंती अशी. शाळेत जो धडा झाला, तो त्याच दिवशी सायंकाळी पुस्तक मिटून मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावा. तोच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवून पाहावा. जे अडेल ते कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर लिहावे. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. चुकलेल्या चिठ्ठ्या रोज, बरोबर आलेल्या काही दिवसांच्या अंतराने पाहाव्यात. लाइटनर या लेखकाने १९७२ साली हीच युक्ती खणांच्या पेटीच्या रूपाने प्रसिद्ध केली. आपल्याला चपलांचे रिकामे खोकेही पुरेल. गणिताचे सोडविलेले उदाहरण नुसते वाचू नये, ते झाकून पुन्हा सोडवावे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहाव्यात. धाकट्या भावंडास शिकवावे, कारण पंतोजींच्या शाळेत पुढे उभा राहून पाढा सांगणाऱ्या मुलाचा पाढा सर्वांत पक्का होत असे. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोटभर झोप घ्यावी.

या साऱ्यास शिकवणी वर्गाची फी लागत नाही. लागतो तो एक ऐकणारा माणूस. "मी शिकलेली नाही, मी काय अभ्यास घेणार?" असे ज्या मातेस वाटते, तिने त्या निरक्षर आजीचे स्मरण करावे. मुलाला समोर बसवून "आज काय शिकलास, ते मला समजेल असं सांग" एवढेच तिने म्हणावे. तो अडखळला तर उत्तर देण्याची तिला गरज नाही. तो आपणहून पुस्तक उघडील, पाहील, मिटील आणि पुन्हा सांगू लागेल. त्या क्षणी उजळणी घडते.

ज्ञातिसंस्था पारितोषिके देते, शिष्यवृत्त्या देते. परंतु दिवेलागणीची ती अर्धी घटका ज्याची त्याच्या घरीच द्यावी लागते. ती आपल्या प्रत्येक घरात पुन्हा सुरू होवो, आणि पुढील निकालानंतर आम्हांला कोणत्याही उंबरठ्यावर त्या मातेचा तो प्रश्न पुन्हा ऐकावा न लागो, हीच प्रार्थना.