नेट पास झालात, पण पीएचडीच्या प्रवेशाचं काय?

भूगावातून राज्यशास्त्रात पीएचडी करायची असेल, तर हाताशी आहे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण कुठेही अर्ज करा, यूजीसीचे २०२२ चे नियम आधी समजून घ्या.

पात्रता काय? एमएला किमान ५५ टक्के. आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. चार वर्षांची पदवी असेल, तर ७५ टक्के.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ मिळालेल्यांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. बाकी दोन गटांसाठी नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के गुण धरतात. मेख इथेच आहे: त्यांचे नेटचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

त्या वर्षात गाइडकडे जागा नसेल, तर पुन्हा परीक्षा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

म्हणून निकालाची वाट पाहू नका. विषय ठरवा, संशोधन आराखडा लिहायला घ्या आणि कोणत्या गाइडकडे जागा आहे, हे विद्यापीठाच्या वेबसाइटवर आत्ताच तपासा.