पाण्याचे जाणकार
(तलावावरील गळाच्या मासेमारीचा थोडा इतिहास)

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. गड, किल्ले, सरदार घराणी आणि पानिपत हे विषय अधिक अधिकारी लेखकांच्या वाट्याला जाणार हे उघड असल्याने आम्ही एका आडवाटेच्या विषयाकडे वळलो. उन्हाळ्याच्या दिवसांत गोड्या पाण्याच्या तलावावर, पाण्याची माहिती असलेला माणूस बरोबर घेऊन, गळ टाकून बसणे, हा तो विषय. यात कसला आला इतिहास, असे काही वाचकांस वाटेल. शिवाय आपल्यापैकी कोकणातून आलेल्या मंडळींच्या लेखी खाडी आणि समुद्र यांपलीकडचा मासा हा मासाच नव्हे. बंगालकडे बदली झालेल्या आमच्या एका सहकाऱ्याने रोहूकडे प्रेमाने पाहण्यास सात वर्षे घेतली! तरीही या विषयाचा एक धागा आपल्या भाषेशी आणि मुलखाशी घट्ट बांधलेला आहे, आणि तो आम्हांस मौजेचा वाटला.

गळाचा छंद साहेबाने आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे मुंबईजवळचे कल्याण नव्हे, तर बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, आणि विषय राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंतचे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना हा ग्रंथ परिचित आहे, कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ हा अध्याय येतो. येथे विनोद म्हणजे हास्यविनोद नव्हे. मनोरंजन, असा त्याचा जुना अर्थ.

या अध्यायात पस्तीसच्या आसपास जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे-मधले-लहान कोणते, असे त्यांचे वर्ग पाडले आहेत. कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, ठरलेल्या जागी खाऊ घालून मासे कसे जमवावेत, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, आणि लागलेला मासा न तोडता कसा खेळवावा, हेही त्यात आहे. आता आमचा तर्क असा की, हे सारे ज्ञान राजाने स्वतः काठावर बसून मिळवलेले नसावे. आमिषाचे गोळे वळणारे आणि कोणत्या बाजूला मासा फिरतो हे सांगणारे हात आणि डोळे दुसऱ्या कोणाचे तरी असणार. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा तर्क करण्यास फारसा आधार लागत नाही. टिपण एकाचे असते आणि सही दुसऱ्याची.

या ग्रंथाची छापील प्रत सिद्ध करण्याचे काम श्रीगोंदेकर या विद्वानांनी बडोद्यात, गायकवाड प्राच्यग्रंथमालेत केले. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. पुढे कलकत्त्याचे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोदा’वर स्वतंत्र निबंध लिहिला आणि हा राजा जगातील गळप्रेमींच्या पंक्तीत जाऊन बसला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने केलेल्या कामाचे हे एक शांत उदाहरण म्हणून येथे नमूद करावेसे वाटते.

सोमेश्वरानंतर सातशे वर्षांनी याच दख्खनच्या पाण्यावर दुसरा एक जिज्ञासू आला. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपवले होते. लोकसंख्या, पिके, जमिनीचे धारे यांच्याबरोबर या गृहस्थाने पक्षी आणि मासेही मोजले. भीमा आणि तिच्या उपनद्यांतील माशांची वर्णने त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. नव्या माशाला नाव देताना त्याने आपल्या वरिष्ठांची नावे वापरण्याऐवजी पुष्कळदा नदीकाठच्या मासे धरणाऱ्यांना, तुम्ही याला काय म्हणता, असे विचारले आणि मिळालेला शब्द लॅटिन वेषात नोंदवला. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, पोटैल, बोग्गुट, फुलुंगी, नुक्ता ही त्याने दिलेली नावे अजून शास्त्रात चालू आहेत. उच्चार साहेबी कानांतून गेल्याने काहीसे वाकडे झाले आहेत, हे खरे. पण ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी ते मासे त्याच्यापुढे आणून टाकले, त्यांची स्वतःची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांचे शब्द मात्र लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत काचेच्या बरण्यांवर चिकटवलेले आहेत.

यांपैकी ‘खुद्री’ म्हणजे दख्खनचा महसीर. पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रात साइक्सला तो मिळाला. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, जोरकस मासा. इंग्रज गळबहाद्दरांना महसीरने पुढे अक्षरशः वेड लावले. मद्रास मुलकी सेवेतील एच. एस. थॉमस यांनी भारतातील गळाच्या मासेमारीवर १८७३ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिले. त्याच काळात सरकारी सर्जन फ्रान्सिस डे हे देशभर फिरून मासे कोठे कसे नष्ट होत आहेत याचे अहवाल देत होते. १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा अशा चिंतेतून निघाला. पाण्यात सुरुंग फोडणे आणि विष कालवणे हे त्याने गुन्हे ठरवले. सव्वाशे वर्षांनंतरही दोन्ही गुन्हे घडत असतात, हे वेगळे सांगावयास नको.

साहेबाचा उन्हाळा डोंगरावर जाई, म्हणून गळही डोंगरावर गेला. कुमाऊँचे कमिशनर हेन्री रॅम्से यांनी १८५८ मध्ये नैनितालच्या तलावात हिमालयी महसीर सोडला, अशी नोंद आहे. उन्हाळा निवडण्यास केवळ हवामान कारण नव्हते. चैत्र-वैशाखात बर्फ वितळून हिमालयातल्या नद्या गढूळ होतात आणि गळ निरुपयोगी ठरतो. तलावाचे पाणी मात्र स्वच्छ असते. थंडीत सुस्तावलेला महसीर पाणी कोमट होऊ लागले की खाण्यास बाहेर पडतो. पावसाळा लागला की तो तलावास मिळणाऱ्या ओढ्यांकडे विणीसाठी चढू पाहतो. त्या काळात त्याला धरणे म्हणजे बियाणे भाजून खाणे होय.

नवख्या माणसाला तलाव नदीपेक्षा कठीण. नदी आपली लक्षणे वरून दाखवते. कोठे खळाळ आहे, कोठे डोह आहे, ते दिसते. तलाव सगळीकडून सारखाच दिसतो. म्हणून तेथे वाटाड्या लागतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दौऱ्याच्या निमित्ताने आम्ही भीमतालास होतो. एका स्नेह्याने गळाचा परवाना काढला होता. आम्ही केवळ प्रेक्षक. उजाडण्यापूर्वी एक वयस्क नावाडी आम्हांस घेऊन निघाला. त्याने प्रथम वारा पाहिला; वारा ज्या काठाकडे लाटा ढकलतो तिकडे किडामुंगी जमते आणि मागोमाग मासा येतो, म्हणून होडी त्या काठाकडे लावली. ओढा जेथे तलावात उतरतो त्या मुखापासून तो बराच दूर थांबला. आमची सावली पाण्यावर पडू लागताच त्याने आम्हांस खाली बसवले. होडीच्या फळीवर वल्हे आपटू नये म्हणून त्याने तेथे चिंधी गुंडाळलेली होती. आठ वाजता ऊन चढले आणि आता मासा खोल गेला, असे सांगून त्याने होडी परत वळवली. त्या दिवशी काहीही लागले नाही. परवान्यावर नाव स्नेह्याचे होते, गळांची संख्या होती, तारीख होती. नावाड्यासाठी रकाना नव्हता. रकाने आखणाऱ्या वर्गातलेच आम्ही, त्यामुळे ही गोष्ट लक्षात राहिली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईस वीज देण्यासाठी टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पूर्वेकडे भीमेला जाणारे पाणी घाटाखाली पश्चिमेस वळवणाऱ्या या योजनेचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. त्या अडवलेल्या पाण्यात साइक्सचा खुद्री राहत होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. नद्यांत तो झपाट्याने घटत असता या तलावांत तो टिकून राहिला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये लोणावळ्यास खुद्रीची कृत्रिम वीण यशस्वी केली. पुढे टाटांच्या वीज कंपनीने वळवण तलावाकाठी महसीर केंद्र उभे केले आणि तेथे एस. एन. ओगले यांनी वर्षानुवर्षे हे काम चालवले.

कामाची रीत पाहण्यासारखी. पावसाळ्यात तलावात पाणी उतरू लागले की विणीला आलेले नर-मादी त्या प्रवाहाच्या ओढीने काठाकडे येतात. त्यांना अलगद धरून, मादीची अंडी आणि नराचे रेत काढून, दोन्ही एकत्र कालवतात आणि मासे परत सोडतात. अंडी पिवळसर, जड, तळाशी बसणारी. वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. रोहू-कटल्याच्या मानाने अंडी थोडी, म्हणून एकेक मोलाचे. कुलकर्णी आणि ओगले यांनी असेही दाखवून दिले की, ही अंडी पाण्याविना, केवळ ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर नेता येतात. अशा रीतीने लोणावळ्याचे मत्स्यबीज अनेक राज्यांत गेले. नामशेष होऊ घातलेला मासा माणसाने हाताने वाढवला, याचा त्या काळी सर्वांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

या बियाण्यातले काही कावेरीत सोडले गेले. येथे गोष्ट तलाव सोडून नदीवर जाते, पण बीज तलावाचेच आहे. कावेरीचा आपला एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड. १९४६ मध्ये तिची उपनदी कबिनी हिच्यात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १२० पौंडांचा महसीर गळाने धरला होता. १९७० च्या दशकापासून तेथे गळाच्या मासेमारीच्या छावण्या उभ्या राहिल्या. गावातले मासे धरणारे तेथे वाटाडे झाले. त्यांच्यापैकी काही पूर्वी चोरून मासेमारी करणारे होते. पकडलेला मासा वजन करून परत सोडायचा, आणि वहीत नोंद करायची, असा नियम. १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या अशा वह्या पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. सहा हजारांहून अधिक माशांच्या त्या नोंदींतून असे निघाले की, बाहेरून आलेला निळसर परांचा खुद्री वाढत गेला आणि कावेरीचा कुबडवाला दिसेनासा झाला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांचाही त्यात वाटा असणार. पण आपल्या प्रेमाच्या भेटीचा वाटा नाकारता येत नाही. (परप्रांतात येऊन स्थिरावलेल्यांच्या मंडळात ही हकीकत सांगताना इतकेच म्हणतो की, माशांचा नियम माणसांस लागू करू नये!)

१९७० च्या आधी कोणी हा धोका ओळखावयास हवा होता काय, असा प्रश्न आम्ही स्वतःला केला. तेव्हा शास्त्रात दख्खनचा आणि कावेरीचा महसीर यांतला भेद नीट मांडलेला नव्हता. मासा घटतो आहे तर मासा सोडा, हेच सर्वत्र चालले होते. दोषाचे माप आज घालणे सोपे आहे. पण काठावरच्या माणसांना दोन मासे वेगळे दिसत होते काय, हे विचारता आले असते. साइक्सने विचारले होते.

अभयारण्याच्या हद्दीतील त्या छावण्यांवरचा गळ पुढे बंद करण्यात आला. त्याविषयी मतभेद आहेत. गळवाले आणि वाटाडे दिवसरात्र काठावर असत, तोवर सुरुंगवाले फिरकत नसत, असे एका पक्षाचे म्हणणे. अभयारण्यात शौकाला स्थान नाही, असे दुसऱ्याचे. आमच्या मते पहिल्या पक्षाकडे निदान वह्या आहेत. महाडजवळच्या वाळण कोंडीत मात्र देवीचे म्हणून मासे कोणीच धरत नाहीत. तेथे ना परवाना, ना वही.

आंतरराष्ट्रीय यादीत खुद्री आता धोक्याबाहेर मानला जातो. कावेरीचा कुबडवाला अतिसंकटग्रस्त ठरला आहे. दीडशे वर्षे साहेब आणि संस्थानिक त्याच्याबरोबर छायाचित्रे काढीत आले, त्याचे सांगाडे आणि मुंडकी भिंतींवर लागली; पण तो नेमका कोणत्या जातीचा, हे २०१८ मध्ये निश्चित झाले. केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन केलेल्या ‘तोर रेमादेवी’ या जातीचाच तो निघाला. ते नाव एका भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ विदुषीच्या सन्मानार्थ दिलेले आहे. कावेरीकाठचे कन्नड मासे धरणारे महसीरला पूर्वीपासून बिळी मीनू, म्हणजे पांढरा मासा, म्हणत आले आहेत.