सहा प्रश्नांची शिदोरी

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या वर्षी विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीला गेली. जाण्याआधी दोन महिने त्यांच्या फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवलेली होती. पासपोर्ट, व्हिसा, आरोग्यविमा, बँकेचे पत्र, वसतिगृहाची पावती, दाताच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन येणे, थर्मल, गोडा मसाला. एकेका ओळीवर काट मारली जात होती. बॅगेचे वजन तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून आमच्याकडचा वजनकाटा तीनदा त्यांच्या घरी जाऊन आला.

एका संध्याकाळी ती मुलगी माझ्याकडे एक कागद घेऊन आली. परदेशातल्या विद्यापीठाला पाठवायचे उद्देशपत्र होते ते. हाच विषय का, आपल्या देशात याची सोय नाही का, खर्च कसा भागवणार, परत येऊन काय करणार, अशा प्रश्नांची तिने नीटनेटकी उत्तरे लिहिली होती. वाचताना मला सारखे वाटत होते की ही प्रश्नपत्रिका आपण आधी पाहिली आहे. रात्री कपाटातून जुन्या वह्या काढल्या तेव्हा उलगडा झाला. इथून एका स्थानकापलीकडच्या गावातल्या एका मुलीने १८८३ साली जवळजवळ हीच प्रश्नपत्रिका सोडवली होती. तीही भर सभेत उभे राहून, इंग्रजीतून, वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आत.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी घरोघर वाचली गेली, २०१९ मध्ये चित्रपट आला, अंजली कीर्तने यांनी चिकाटीने शोध घेऊन चरित्र सिद्ध केले. पण या गोष्टीत आपण बहुधा बोटीपासून पुढे चालू लागतो. मला या लेखात बोटीच्या अलीकडे थांबायचे आहे. ही मुलगी परदेशी जाण्यासाठी तयार कशी झाली, त्या तयारीत काय होते, आणि काय राहून गेले?

*

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यात एके काळची सुबत्ता ओसरत चालली होती. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. म्हणजे यमुनेच्या जन्मापूर्वीच गावाच्या कानावर शिट्टी पडू लागली होती. रेल्वेपाठोपाठ टपालाचा पसारा वाढला आणि त्या टपालखात्यातला एक कारकून या घरात जावई म्हणून आला. गोपाळराव जोशी बिजवर होते, मुलीपेक्षा वयाने बरेच मोठे. १८७४ मध्ये लग्न झाले तेव्हा यमुना नऊ वर्षांची होती. मुलीला शिकवू द्यायचे, ही त्यांची अट होती.

नवरा टपालखात्यात असणे ही गोष्ट आपण फार सहज ओलांडून जातो. बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असे फिरत राहिले. एकत्र कुटुंबाच्या माजघरात ज्या मुलीला पुस्तक हातात धरणे कठीण गेले असते, तिला बिऱ्हाडात ते शक्य झाले. शिवाय परदेशी पत्र टाकणे ही इतरांच्या दृष्टीने अपूर्वाईची गोष्ट या घरात रोजच्या व्यवहारातली होती.

शिकवण्याची रीत मात्र काळजाला घरे पाडणारी होती. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्याची आठवण करून दिली आहे. दहाव्या वर्षी अंगावर पडलेला लाकडाचा मार, बाराव्या वर्षी फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. आपण तेव्हा काय करू शकत होतो, असा त्यांचा साधा प्रश्न आहे. याच नवऱ्याने आपल्याला शिकवले, याची कृतज्ञताही त्यांनी अनेकदा बोलून दाखवली. ही दोन्ही विधाने एकाच बाईची आहेत. त्यांतले एक खोडून दुसरे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याची इच्छा इथे रुजली, असे सर्व चरित्रकार मानतात. ती इच्छा अमेरिकेपर्यंत पोहोचली ती मात्र एका नकाराच्या वाटेने.

*

१८७८ मध्ये कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. बायकोला शिक्षण मिळावे, आपल्याला तिकडे काही काम मिळावे, अशी त्यांची विनंती होती. हे पत्र रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात बरीच वर्षे काम केले होते आणि आता ते प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवत होते. त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की आधी ख्रिस्ताला शरण या. गोपाळरावांची विनंती आणि आपला नकार असे दोन्ही त्यांनी छापून टाकले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला, त्या पत्राने त्या अस्वस्थ झाल्या आणि हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला त्यांनी पत्र घातले.

पुढची जवळजवळ तीन वर्षे ही दोन घरे एकमेकींना लिहीत राहिली. माझ्या मते आनंदीबाईंच्या तयारीचा सर्वांत भक्कम भाग हाच आहे आणि तो कोणत्याही योजनेत आखलेला नव्हता. चालीरीती, खाणेपिणे, बालविवाह, धर्म, आजारपण यांतले काहीच या पत्रांना वर्ज्य नव्हते. लिहिता लिहिता इंग्रजी घडले, आणि कार्पेंटरबाईंची ‘मावशी’ झाली. आज विनिमय योजनेत आधी विद्यापीठ ठरते आणि मग राहायचे घर शोधतात. इथे उलटे झाले. आधी घर मिळाले. मावशीकडून पत्रांबरोबर औषधेही येत होती, कारण डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांनी ही मुलगी कलकत्त्यातच बेजार होती. ही बारीक नोंद पुढे आपल्याला लागणार आहे.

*

आता त्या सभेकडे येऊ. २४ फेब्रुवारी १८८३, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजचे सभागृह. एक ब्राह्मण स्त्री एकटी अमेरिकेला निघाल्याच्या बातमीने वादळ उठले होते, म्हणून आनंदीबाईंनी सर्वांसमोर खुलासा करायचे ठरवले. लोक आपल्याला जे विचारतात त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले. अमेरिकन लेखिका कॅरोलाइन हिली डॉल यांनी १८८८ साली लिहिलेल्या चरित्रामुळे हे भाषण आपल्यापर्यंत पोहोचले.

अमेरिकेला का जाता? देशात शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिथे काही संकट ओढवले तर? आणि शेवटचा प्रश्न, आजवर कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे?

उत्तरांत कुठे हुंदका नाही. स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, म्हणून जाते. इथे मद्रासला आणि सुईणपणाच्या वर्गांतून काही शिकता येते, पण ते अपुरे आहे. शिवाय ख्रिस्ती किंवा ब्राह्मो नसलेली बाई रस्त्याने निघाली की तिची जी टवाळी होते तिचा अनुभव त्यांनी लपवला नाही. एकटी का, याचे उत्तर सरळ हिशेबाचे होते. दोघांच्या प्रवासाचे पैसे नाहीत आणि गोपाळरावांच्या पगारावर त्यांची आई व भावंडे अवलंबून आहेत.

चौथ्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर सर्वांत धीट आणि सर्वांत महागडे ठरले. आपण तिथे इथल्यासारख्याच राहू, अन्न, वस्त्र, चालरीत यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, असे त्यांनी सांगितले. बहिष्कार घालायचा तर आत्ताच का घालत नाही, असेही विचारले. हा प्रश्न हवेतला नव्हता. सात वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. ते प्रकरण घडवून आणणारे गृहस्थ हेच गोपाळराव जोशी होते.

म्हणजे भाषणातले ते वाक्य हा एक करार होता. समाजाने जाऊ द्यावे, त्या बदल्यात लुगडे आणि ताट बदलणार नाही. परवानगीची किंमत अशी ठरली.

*

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ही बोट सुटली. अठरा वर्षे पुरी होऊन एक आठवडा झाला होता. सोबतीला मिशनरी बायका होत्या, नवरा नाही, नातलग नाही. ५८ दिवसांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

आजच्या विद्यार्थ्याला नवल वाटावे अशी गोष्ट पुढे आहे. बोटीत चढताना आनंदीबाईंच्या हातात कोणत्याही कॉलेजचा प्रवेश नव्हता. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी अर्ज लिहिला तो रोझेलला पोहोचल्यावर, जूनच्या अखेरीस. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. आनंदीबाईंकडे शाळेचा म्हणावा असा दाखला नव्हता. होती ती स्वतःची कैफियत, श्रीरामपूरच्या सभेत पारखून घेतलेली. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्यापर्यंत ती पोहोचली आणि ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले. त्या कॉलेजात पुढे जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली याही आल्या. आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र आज सर्वत्र दिसते. ते पाहताना मला तो करार आठवतो. तिघींमधली आपली मुलगी लुगड्यात आहे.

कारण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याने करार वाचलेला नव्हता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढा बदलही दूरवरच्या नवऱ्याला रुचला नाही आणि त्यावरून पत्रे झाली. शाकाहार त्यांनी सोडला नाही. प्रकृती ढासळत गेली, पण ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या.

थंडीने किंवा शाकाहाराने क्षय झाला, असे कोणी म्हणू नये. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला तो मार्च १८८२ मध्ये, बोट सुटण्याच्या एक वर्ष आधी. त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १८४३ चे नव्हे, १९४३ साल उजाडले. आनंदीबाईंना वाचवणे कदाचित कोणाच्याच हाती नव्हते. पण श्रीरामपूरच्या सहा प्रश्नांत जात होती, पैसा होता, नवरा होता, देश होता, धर्म होता; शरीर नव्हते. पाचवा प्रश्न त्याच्या अगदी जवळून गेला. संकट आले तर काय कराल, असे लोकांनी विचारले, पण त्या प्रश्नात भीती घालण्याचा हेतू होता आणि उत्तरही त्यामुळे धैर्याचेच आले. तुला ताप येतो त्याचे काय, हे सभेत कोणी विचारले नाही. ते फक्त मावशीने समुद्रापलीकडून विचारले होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही नव्हते. रक्षा अमेरिकेला मावशीकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

*

शेजारच्या मुलीचे उद्देशपत्र मी दुसऱ्या दिवशी परत केले. दोन-तीन शब्द बदलले, बाकी चांगलेच होते. मग विचारले, “तिकडे ओळखीचे कोण आहे?” ती म्हणाली, “काका, विद्यापीठाने एक जोडीदार विद्यार्थिनी दिली आहे, आमचे मेसेज चालू असतात. तिने विचारलं, तुला थंडीत दम लागतो का? म्हणून आई इनहेलर दोन घे म्हणते.”

मी फ्रिजवरची यादी पुन्हा पाहिली. गोड्या मसाल्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, ती ओळ होती.