पलंग नाही, पथारी : चांद्याच्या चैत्र यात्रेत माणसं झोपायची कुठे?

आजचा भाग ऐकता ऐकता एक छोटं काम करा. फोनवर हॉटेल बुकिंगचं कुठलंही ॲप उघडा, शहर टाका चंद्रपूर, आणि तारीख टाका चैत्र पौर्णिमेची. बघा काय येतं.

गेल्या वर्षी पुण्यात ऑफिसात बसून मी हेच केलं होतं. काही खोल्या दिसल्या, बऱ्याच भरलेल्या, उरलेल्यांचे भाव चढलेले. इंजिनिअरच्या डोक्यात पहिला विचार आला : मागणी जास्त, पुरवठा कमी, विषय संपला. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. महाकालीच्या यात्रेला येणारी बहुतेक माणसं हे ॲप उघडतच नाहीत. म्हणजे लाखांची गर्दी, आणि माझ्या डेटामध्ये तिची एकही ओळ नाही.

मग ती माणसं झोपतात कुठे? आणि आधी कुठे झोपायची? आजचा भाग एवढ्याच प्रश्नावर.

हा प्रश्न मला सुचला तो खरं तर स्पेनमुळे. माझी एक सहकारी तिकडे कामिनो चालून आली. सँतियागो नावाच्या गावाकडे जाणारी ही जुनी ख्रिस्ती पदयात्रा. वाटेत ठिकठिकाणी यात्रेकरूंसाठी साध्या धर्मशाळा आहेत, त्यांना अल्बेर्गे म्हणतात. 2024 मध्ये ही वाट पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जवळपास 5 लाख लोकांनी घेतलं. शेवटच्या टप्प्यातल्या सरकारी अल्बेर्गेमध्ये बुकिंग नसतं. जो आधी पोचेल त्याला बेड. त्यामुळे सीझनमध्ये लोक पहाटेच्या अंधारात डोक्याला बॅटरी लावून निघतात, दुपारपर्यंत पुढच्या गावात रांग लावतात. या पळापळीला तिथे बेडची शर्यतच म्हणतात.

आपल्याकडे पंढरीच्या वारीत हा प्रश्न दिंडीनं सोडवला. आळंदीच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू त्याच व्यवस्थेचा भाग. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. ट्रक पुढे जातो, राहुट्या लागतात, दमलेला वारकरी आपल्या दिंडीचा तंबू शोधत येतो.

चांद्याच्या यात्रेत यातलं काहीच नाही. अल्बेर्गे नाही, दिंडीचा क्रमांक नाही. तरीही ही यात्रा शेकडो वर्षं भरते आहे. कशी? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

चंद्रपूर वसलं त्याची दंतकथा तुम्ही शाळेत ऐकली असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गाठी, फोडं. राजधानी बल्लारपूरला. एकदा शिकारीला निघाला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. एका खळग्यातून पाणी पाझरत होतं. ते प्याला, हातपाय धुतले, घरी आला. आपण गोष्ट सांगताना पुढचा भाग पटकन उरकतो : सकाळी राणीनं पाहिलं तर गाठी गेलेल्या. पण मधली एक ओळ आपण गाळतो. त्या रात्री राजाला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. राणीनं मग ती जागा शोधायला लावली, तिथे आज अचलेश्वराचं मंदिर आहे, आणि शेजारी हे शहर उभं राहिलं. गोष्ट खरी की खोटी हे सोडा. पण आपलं शहर स्वतःच्या जन्माची जी गोष्ट सांगतं, तिच्यात नदीकाठचं पाणी आहे आणि एका रात्रीची झोप आहे.

त्याच झरपटच्या काठावर, अचलेश्वराच्या जवळच, महाकालीचं देऊळ. आज दिसतं ते मंदिर राणी हिराईनं बांधलं. नवरा बीरशहा गेल्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिनंच राज्य सांभाळलं. चैत्राची यात्राही तिनंच सुरू केली असं चंद्रपुरात सांगतात.

आता जरा विचार करा, यात्रा चैत्रातच का? एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा 44-45 अंशांना टेकतो. असल्या उन्हात कोण चालत येईल? पण शेतकऱ्याच्या कॅलेंडरनं बघितलं तर हिशोब लागतो. रब्बी घरात आलेली, खरिपाला वेळ आहे. बैल रिकामे, माणसं रिकामी, हातात थोडे पैसे. आणि पौर्णिमेकडे जाणारा पंधरवडा, म्हणजे रोज वाढतं चांदणं. दिवसा झाडाखाली पडायचं, ऊन उतरलं की निघायचं, चांदण्यात चालायचं. हेडलाइट फुकट!

माणसं यायची मुख्यतः मराठवाड्यातून आणि आजच्या तेलंगणातून. नांदेड, परभणी, हिंगोली, आदिलाबाद. नांदेडहून किनवट, आदिलाबाद, राजुरा करत चांद्याला यायचं म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. बैलगाडीनं आठ-दहा दिवस सहज. इंग्रजांच्या काळात वर्धा नदीच्या एका काठावर निजामाचं राज्य, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा मध्य प्रांत. राजुरा तर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. म्हणजे ही माणसं दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कायद्यात येत होती. देवी मात्र तीच.

आता त्या बैलगाडीकडे नीट बघा. आपण तिला वाहन समजतो. यात्रेकरूसाठी ती चालतं घर होती. गाडीत धान्य, पीठ, तेल, सरपण, बैलांचा कडबा. दिवसा गाडीखाली सावली. रात्री गाडीशेजारी वाकळ अंथरली की झाली पथारी. एका गावच्या गाड्या एकमेकींना लागून सोडल्या की मधे अंगण तयार, बायका-पोरं त्या अंगणात. तीन दगडांची चूल. पाण्यासाठी नदीच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात झिरपून स्वच्छ पाणी येतं. आपल्याकडे त्याला झिरा म्हणतात. या माणसाला चांद्याकडून काय हवं होतं? पलंग नको, खोली नको. थोडी मोकळी जमीन, एखादं झाड, आणि जिवंत नदी.

मंडळी, आजच्या भागाचा मुद्दा हाच आहे. या यात्रेत झोपायची सोय म्हणजे खाट नव्हती. झोपायची सोय म्हणजे नदी होती.

पुढे इंग्रज आले. चांदा 1854 मध्ये त्यांच्या ताब्यात गेलं. त्यांच्या गॅझेटिअरांमध्ये एप्रिलमधल्या चांद्याच्या जत्रेची नोंद सापडते. पण सरकार यात्रांकडे बघत होतं ते एका भीतीतून. 1867 च्या हरिद्वार कुंभात कॉलरा पसरला आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानभर गेला. तेव्हापासून यात्रा म्हटलं की सरकारी डोक्यात आधी पटकी यायची. मग यात्रेच्या जागी डॉक्टर, पोलीस, संडासाचे चर, विहिरीत टाकायचं लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. यात चांगलंही खूप झालं, माणसं वाचली. पण सरकारच्या वहीत रकाने कुठले होते बघा : आले किती, आजारी किती, मेले किती. झोपले कुठे, हा रकानाच नव्हता. ज्याचा रकाना नाही त्याची कोणी सोय करत नाही. माझ्या ॲपचं आणि त्या वहीचं दुखणं एकच.

मग आली रेल्वे. 1870 च्या दशकात कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे चांद्याकडे, आणि 1920 च्या दशकाच्या शेवटी बल्लारशाहून दक्षिणेला काझीपेठपर्यंत लाइन जोडली गेली. नंतर एसटी आली, ट्रक आले, आता टाटा मॅजिक आणि बोलेरो. दहा दिवसांची वाट एका रात्रीवर आली. भारीच की!

पण दोन गोष्टी गुपचूप बदलल्या. एक, पूर्वी गाड्या मागेपुढे यायच्या, गर्दी पसरून यायची. आता सगळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकदम येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर एकदम लोड. आणि दुसरी जास्त महत्त्वाची : गाडी गेली तसं घरही गेलं. रेल्वेतून उतरणाऱ्या बाईकडे एक पिशवी आहे आणि एक चादर. गाडीची सावली नाही, सरपण नाही, गावाचं अंगण नाही. म्हणजे शहरावरचं तिचं अवलंबून असणं वाढलं. आणि नेमकं त्याच काळात शहर आटत गेलं. कोळसा आला, वीजनिर्मिती आली, वस्ती वाढली, नदीकाठची मोकळी जागा भरत गेली. आज झरपटमध्ये सांडपाणी आहे, जलपर्णी आहे. झिरा खणायला वाळूही नाही आणि खणला तरी ते पाणी कोण पिणार?

तुलनेसाठी गडचिरोलीत जाऊ. 1982 पर्यंत तोही आपलाच जिल्हा होता. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा. इथे नदी उत्तरेकडे वळते, म्हणून स्थान पवित्र. दगडी मंदिरांचा हा समूह बघायला 1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम आला होता आणि त्यानं त्याचं सविस्तर वर्णन लिहिलं. गाव इवलंसं. हॉटेलं शोधू नका. पण महाशिवरात्रीला गर्दी लाखात जाते. धान घरात आलेलं, थंडी उतरलेली, ऊन अजून पेटायचंय. माणसं वैनगंगेच्या वाळूत पथारी टाकतात, कुणी ओळखीच्या ओसरीवर, कुणी पाहुण्यांकडे. अडचणी तिथेही आहेत, संडास आणि कचरा हा मोठा प्रश्न आहे. पण पात्र रुंद आहे, वाळू आहे, पाणी वाहतं आहे. खोल्या जवळपास शून्य, तरी रात्र निघते. चंद्रपुरात खोल्या कितीतरी जास्त, तरी माणूस फुटपाथवर. हे कोडं खोल्या मोजून सुटत नाही.

आता थोडं घरचं सांगतो. आमचं जुनं घर मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर. समोर शेणानं सारवलेला ओटा, अंगणात कडुनिंब. यात्रेत नांदेडकडची एक मंडळी दरवर्षी आमच्याकडेच उतरायची. नातं काही नाही, एका वर्षी पाणी मागायला आले एवढंच. त्यातल्या म्हाताऱ्या बाई आणि माझी आजी रात्री उशिरापर्यंत बोलत बसायच्या. जाताना हळकुंडं द्यायच्या, आजी तांदूळ बांधून द्यायची. त्या संकोचल्या की आजी म्हणायची, "झोपा ना माय, ओटा काही झिजत नाही."

आजी गेली. मला नोकरी लागली, मग आम्ही घर नवं बांधलं. नकाशा मीच काढला होता, मोठ्या हौसेनं. ओटा पाडून पार्किंग केलं, टाइल्स लावल्या, कडुनिंबाची मुळं पायात येत होती म्हणून तोही काढला. वर लोखंडी गेट. दोन वर्षांपूर्वी यात्रेत रात्री अकराला घरी आलो तर गेटला टेकून पाच-सहा बायका झोपलेल्या. मी हॉर्न वाजवला. त्या घाईघाईनं उठल्या, चादरी गोळा केल्या, बाजूला झाल्या. एक जण म्हणाली, "इथं पहिले निंब होता ना?"

मी हो म्हणालो आणि गाडी आत घेतली.

म्हणून हा भाग केला. भक्तनिवास बांधा, खोल्या वाढवा, हे बरोबरच आहे. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लेकुरवाळ्या बायांना छप्पर हवंच. पण लाखभर माणसांना लाखभर बेड कुठलंच शहर देऊ शकत नाही, आणि बहुतेकांनी ते मागितलेलेही नाहीत. मोजायचंच असेल तर दुसरे रकाने करूया. सावली किती चौरस फूट? नळ किती, आणि रात्री दोनला चालू असतात का? बायकांसाठी संडास किती, तिथे जायच्या वाटेवर दिवा आहे का? रात्री कोणी उठवणार नाही अशी जमीन किती? आणि शेवटचा रकाना : झरपट. ती साफ झाली तर तो केवळ पर्यावरणाचा विषय राहणार नाही. तीच या यात्रेची सगळ्यात जुनी धर्मशाळा आहे.

या चैत्रात मी सुट्टी टाकून घरी होतो. गाडी आठवडाभर मित्राकडे लावली, गेट उघडं ठेवलं, टाइल्सवर सतरंज्या टाकल्या, पाण्याचा रांजण भरला. पहिल्या रात्री कोणीच आलं नाही. उघड्या गेटवरही आता लोकांचा भरवसा नाही. दुसऱ्या रात्री सात जण झोपले. त्यानं शहराचा प्रश्न सुटत नाही, मला माहीत आहे. गेटजवळ एक निंबाचं रोपही लावलंय. त्याची सावली पडायला दहा वर्षं लागतील.

तुमच्या गावात यात्रा भरते का? माणसं पूर्वी कुठे झोपायची आणि आता कुठे झोपतात, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकवतो. तोवर, भेटूच.