पुसलं म्हणजे कुठे गेलं?

गेल्या जूनमध्ये बाबांचा फोन आला. ‘कॉम्प्युटर फार रडतोय रे.’

संभाजीनगरला सिडकोतल्या आमच्या घरी जो कॉम्प्युटर आहे, त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून मीच २४० जीबीची एसएसडी बसवली होती. ती ९४ टक्के भरली होती. मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. घाईघाईत सांगितलं, ‘जुन्या मोठ्या फाइल्स उडवा, रिसायकल बिन रिकामी करा आणि ते एसएसडीचं मेंटेनन्स सॉफ्टवेअर उघडून ऑप्टिमाइझ दाबा.’ बाबांनी तिन्ही गोष्टी जशाच्या तशा केल्या. कॉम्प्युटर पळायला लागला.

आठ दिवसांनी पैठणच्या आत्याने आजीच्या ओव्या मागितल्या, तेव्हा कळलं की ‘मोबाइल बॅकअप २०१९’ हे फोल्डरच गेलंय. त्यात आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची २१ रेकॉर्डिंग होती. आजी २०२१ मध्ये गेली.

मी शनिवारी घरी आलो तो निर्धास्त होतो. इंजिनिअरिंगला असताना फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधून मित्राचा अख्खा प्रोजेक्ट परत काढला होता. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. २१ च्या २१ नावं दिसली, आकारही बरोबर. पण आत पाहिलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं.

पहिला राग त्या मेंटेनन्स सॉफ्टवेअरवर निघाला. पण आरोप करायचा तर पुरावा हवा. एक फालतू व्हिडिओ कॉपी केला, उडवला, रिसायकल बिन रिकामी केली आणि त्या सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. थोड्या वेळाने रिकव्हरी चालवली. पुन्हा शून्यं. मग विंडोजलाच काळ्या खिडकीत आज्ञा देऊन विचारलं, ‘फाइल पुसल्याची सूचना डिस्कला देणं बंद आहे का?’ उत्तर आलं ०, म्हणजे बंद नाही. आजीचा आवाज ऑप्टिमाइझ बटणाने गेला नव्हता. तो त्याआधीच, रिसायकल बिन रिकामी झाली तेव्हाच गेला होता.

असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडच्या जुन्या शाळांत मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने लिहायचं, पाटी हलवली की सगळं एकदम साफ. नंतर दगडी पाटी आली. तिच्यावरचं एकच अक्षर ओल्या बोटाने पुसता येतं. कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचा इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेली एक कप्पी ठेवायची आणि तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते तिथेच राहतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमान यांनी त्यावरून ईप्रॉम चिप बनवली. लिहिणं जमलं, पुसणं जिकिरीचं. चिपच्या डोक्यावर काचेची खिडकी असायची. पुसायचं तर चिप काढून अतिनील दिव्याखाली काही मिनिटं धरायची. त्यानंतर विजेनेच पुसता येणाऱ्या चिप आल्या. ही दगडी पाटी म्हणा. पण एकेक बाइट वेगळा पुसायचा तर प्रत्येक कप्पीला जास्तीची जोडणी लागे आणि चिप महाग पडे.

जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी हा हट्टच सोडला. एकेक अक्षर पुसायचंच नाही, अख्खा पट्टा एकदम पुसायचा. पाटी पुन्हा धुळीची झाली. जोडणी वाचली आणि चिप स्वस्त होण्याचा रस्ता खुला झाला. १९८४ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. एका झटक्यात पुसणं पाहून सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. १९८७ मध्ये मासुओकांनी नँड फ्लॅश मांडली. तुमच्या हातातल्या फोनमध्ये तीच आहे. १९९१ मध्ये सनडिस्कने, म्हणजे पुढच्या सॅनडिस्कने, आयबीएमसाठी २० एमबीची एसएसडी दिली. किंमत सुमारे हजार डॉलर.

या स्वस्ताईची किंमत अशी, की एसएसडीवर लिहिता येतं काही किलोबाइटच्या पानावर, पण पुसावा लागतो शेकडो पानांचा ब्लॉक. शिवाय दर वेळी पुसताना कप्पीचं इन्सुलेशन थोडं झिजतं. आजच्या घरगुती एसएसडीतली कप्पी साधारण एक ते तीन हजार वेळा पुसता येते. म्हणून एसएसडी आतल्या आत कामाची पानं दुसरीकडे हलवते आणि मग जुना ब्लॉक पुसते. ती गच्च भरली की हलवायलाच जागा उरत नाही. बाबांचा कॉम्प्युटर रडत होता तो यामुळे.

पण कामाचं पान कोणतं आणि रद्दी कोणती, हे डिस्कला कसं कळणार? हार्ड डिस्कच्या काळात फाइल उडवली की फक्त यादीतली नोंद जायची, मजकूर तसाच पडून राहायचा. माझ्या मित्राचा प्रोजेक्ट त्यामुळेच वाचला. एसएसडीला ही ढिलाई परवडत नाही. म्हणून ट्रिम नावाची आज्ञा आली. २००९ च्या विंडोज ७ पासून फाइल खरोखर उडाली की विंडोज डिस्कला लगेच कळवतं, ‘ही जागा आता रद्दी.’ मग त्या जागेबद्दल विचारलं, तर बऱ्याच एसएसडी शून्यच दाखवतात. विंडोज ८ पासून तर ही आठवण ठरावीक दिवसांनी आपोआपही दिली जाते. मेंटेनन्स सॉफ्टवेअरचं ते बटण हेच काम पुन्हा एकदा करतं. ते डिस्कची काळजी घेतं. आपल्या आठवणींची काळजी घेणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. ते माझं होतं.

रविवारी पैठणला गेलो. आपल्या शहरापासून जेमतेम ५० किलोमीटर. आत्याने २०१९ मध्ये स्वतःच्या फोनवर काही ओव्या वेगळ्या रेकॉर्ड केल्या होत्या. काही तुकडे काकांकडे निघाले, काही चुलतबहिणीकडे. एकीत पंख्याचा आवाज, दुसरीत कुकरची शिट्टी. एकच ओवी दोन ठिकाणी वेगळ्या शब्दांत.

याच पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून त्या ताडून पाहिल्या. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. जवळपास तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बदलले होते, भर पडली होती. नाथांनी शुद्ध प्रत तयार केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असंही बजावलं. पण ताडून पाहायला निदान प्रती तरी होत्या. माझ्याकडे एकच होती, तीही मीच पुसायला सांगितली.

२१ पैकी १३ ओव्या मिळाल्या. आता त्या एसएसडीवर आहेत, कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत आणि एक प्रत पैठणला आहे. उरलेल्यांपैकी तीन आत्याला तोंडपाठ निघाल्या. तिने त्या तिथेच बसून म्हटल्या.

त्या तीन फाइल्सना मी आत्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख दिली. आजीच्या फोल्डरमध्ये घातल्या नाहीत. शेजारी वेगळं फोल्डर केलं.